विषय: एस्टीमचं इंजिन मागवलं, जिप्सीचं पाठवलंत, आणि वर "फिरवून बसवा" म्हणता

मॅनेजर साहेब,

आत्ता तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला, म्हणजे त्यानेच कट केला, आणि तसाच लिहायला बसलोय. ऑर्डर नंबर पावतीवर आहे, फोटो जोडलाय. तुमच्या स्वॅप (म्हणजे इंजिन बदलायच्या) पॅकेजमध्ये काय काय येतं ते तुम्हाला मी सांगायला नको. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), आरटीओचे कागद आणि सगळ्यात आधी "एक्स्पर्ट सल्ला", ज्याचे साडेचार हजार वेगळे घेतलेत.

गाडी सॅन स्टॉर्म. दोन सीटची, फायबर बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं डी७एफ इंजिन, ६० बीएचपी. हे फॉर्मवर लिहिलंय, चारही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत. आंबोली घाटात रेडिएटरचा फॅन बंद पडला, इंजिनचं हेड वाकलं, फेसिंग (घासून सपाट करणं) आधीच एकदा झालेलं त्यामुळे आता घासायला काही उरलं नाही. दुसरं हेड मिळेना कारण हे इंजिन इकडच्या रोजच्या गाड्यांत आलंच नाही, लोगन रेनोची तरी तिच्यात १.४ आणि १.६. म्हणून स्वॅप. हौस म्हणून नाही.

तुमच्या एक्स्पर्टने पहिल्याच फोनवर फियाट लिनियाचं १.४ टी-जेट टर्बो इंजिन सुचवलं. ११४ पीएस! साठच्या गाडीत जवळजवळ दुप्पट, ब्रेक तेच, टर्बो आणि इंटरकूलर ठेवायला बॉनेटखाली जागा नाही, पण त्याला काय, त्याला ब्रेक दाबायचा नाहीये. मग म्हणाला स्विफ्टचं के१२. चांगलं इंजिन आहे, चेनवालं आहे, मान्य, पण त्याची चावी, इमोबिलायझर, ईसीयू सगळं एकमेकांत अडकलेलं, उद्या काही बिघडलं तर कुडाळात कोण बघणार? शेवटी मीच महिनाभर डोकं लावून ठरवलं, मारुती एस्टीमचं जी१३बीबी इंजिन. १२९८ सीसी, १६ वाल्व, ८५ बीएचपी, ॲक्सिलरेटरला साधी केबल, स्पेअर कुठेही. रेनोच्या गिअरबॉक्सला ते जुळत नाही म्हणून गिअरबॉक्सही एस्टीमचाच, आणि ड्राइव्हशाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतचे दांडे) आतून मारुती बाहेरून रेनो असे जोडून बनवायचे. हे पण मीच सांगितलं. तरी सल्ल्याचे साडेचार हजार तुम्हाला.

अडीच महिन्यांनी क्रेट आला. आमच्या मेस्त्रीने फळी उचकटली, दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, ह्यां जिप्सीचां आसा." जी१३बीबीच, हो, पण जिप्सीचं. उभं बसणारं. खालचं ऑइलचं भांडं (संप) वेगळं, माउंटिंग वेगळं, आणि गिअरबॉक्सला ड्राइव्हशाफ्ट लावायला बाजूला भोकच नाही कारण त्याचा शाफ्ट मागे जातो. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते साहेब. इंजिन आडवं असतं.

आता आजचा फोन. पाचवा. गेल्या चारचं सोडा, एकात तर नुसती ट्यून ऐकली. आजच्या मुलाला मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, तो मध्ये मध्ये "ओके सर, ओके सर" करत होता, मला वाटलं चला, कोणीतरी ऐकतंय. मग विचारतो, "सर, स्टॉर्म ना? त्यात तर २.२ डिझेल येतं." मी म्हटलं काय? म्हणे, "सफारी स्टॉर्म ना सर? तिला १.३ पेट्रोल कशाला बसवताय, गाडी ओढणार नाही." म्हणजे अडीच महिने तुमच्या सिस्टीममध्ये माझी गाडी टाटा सफारी आहे! दोन सीटची सफारी! मी शांतपणे (खरंच शांतपणे, बायको साक्षीला आहे) सांगितलं की बाबा, ही बुटकी गाडी, फोटो बघ. फोटो त्याच्याकडे नाहीत, फोटो दुसऱ्या डिपार्टमेंटकडे. मग होल्ड. मग परत आला आणि म्हणाला, "सर, सिनियरना विचारलं, जी१३ म्हणजे जी१३च असतं, तुम्ही लोकलला फिरवून बसवून घ्या."

फिरवून. जसं काही दिवाणखान्यातला सोफा आहे. मी म्हटलं तुझ्या सिनियरना फोन दे, तर "सर तुम्ही आवाज चढवताय" आणि कट. आवाज चढला होता, नाकारत नाही.

कागदांचं तर विचारूच नका. बिलावर फक्त "जुने इंजिन, १ नग". नंबर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तुम्हाला पाठ असेल, धंदाच तो आहे. इंजिन बदललं की आरसीवर नोंद हवी, आणि बिलावर नंबरच नसेल तर आरटीओत मी काय एक नग दाखवू? आधीच गाडी गोव्याची, एनओसी आणून एमएच-०७ करताना चपला झिजल्या.

तुमचं नाव मला तीन जणांनी सांगितलं होतं म्हणून आलो. त्या तिघांना मी आता काय सांगतोय ते विचारा.

एक लाख दहा हजार भरलेत, सल्ल्याचे साडेचार हजार धरून. पंधरा दिवसांत एस्टीमचं इंजिन, एस्टीमचा गिअरबॉक्स आणि नंबरासकट बिल पाठवा, नाहीतर सगळे पैसे परत. नाहीतर ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जातो. २०१९ च्या कायद्याने मी राहतो तिथेच केस टाकता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, तारखांना पुण्याहून तुम्ही यायचं. सल्ल्याचे साडेचार हजार मात्र काही झालं तरी परत पाहिजेत, सल्ला मीच दिलाय.

क्रेट पडवीत आहे, तुमच्या खर्चाने उचला. टेम्पोवाल्याला नीट सांगून पाठवा, दारात सफारी शोधत बसू नको म्हणावं, लाल गाडी आहे, कमरेएवढी.