आई-अप्पांना पत्र : शिखरं राहू द्या, पाटाच्या कडेने चालू

तीर्थरूप आई व अप्पा,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आई म्हणाली, "आमचे गुडघे आणि तुझे आल्प्स, जमायचं कसं?" आणि मागून अप्पांचं सुरू, "वरच्या मजल्यावरचे तर रेल्वेने थेट बर्फात जाऊन आले." दोघांना एकाच पत्रात उत्तर देते. फोनवर तुम्ही मला पूर्ण बोलू देत नाही.

आधी अप्पांचा बर्फ. ती रेल्वे जाते स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख खिंडीत, समुद्रसपाटीपासून 3454 मीटरवर. खालच्या खोऱ्यातून काही तासांत एवढ्या उंचीवर गेलं की हवा विरळ लागते, धडधाकट माणसालाही जिना चढताना दम लागतो. आईच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असताना मी ते करणार नाही. शिवाय तिथे माणसं काय करतात? रांग, फोटो, चहा, रांग, परत. तिकिटाची किंमत रुपयांत सांगितली तर अप्पा खालच्या स्टेशनवरच बसून राहतील. बर्फ लांबूनही छान दिसतो, आणि फुकट दिसतो.

माझ्या मनात आहेत ती गावं. जुनी, दगडी, छोटी, आणि एकातून दुसऱ्यात सपाट वाटेने चालत जाता येईल अशी. आई, तू रोज सकाळी देवळापर्यंत जाऊन येतेस, तेवढं चालणं सकाळी आणि तेवढंच संध्याकाळी. मध्ये बाकं असतात.

वाटांचं इथलं गणित समजून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पिवळ्या पाटीच्या टोकावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर ती डोंगरवाट, तिथे पाऊल जपून टाकावं लागतं. निळी पाटी असेल तर ती गिर्यारोहकांसाठी. आपण फक्त नुसत्या पिवळ्या पाटीचे. पाटीवर अंतर नसतं, वेळ लिहिलेली असते, आणि त्यात थांबणं धरलेलं नसतं. ती वेळ इथल्या चालणाऱ्यांची. आपण दीडपट धरायची, आणि आई घराघरापुढच्या कुंड्या बघत थांबणार म्हणून दुप्पट.

पहिला मुक्काम एंगाडीन खोऱ्यात. झुरिकहून लांडक्वार्टला गाडी बदलायची, मग लाल डब्यांची रेल्वे वेराइना बोगद्यातून पलीकडे काढते. हा बोगदा 19 किलोमीटरचा, 1999 साली सुरू झाला. अप्पा, वीसेक मिनिटं अंधार आहे, तेवढ्यात डुलकी काढून घ्या, कारण पुढे खिडकी सोडवत नाही. ग्वार्डाचं स्टेशन खाली खोऱ्यात आणि गाव वर 1653 मीटरवर, पण स्टेशनवरून छोटी पिवळी बस वर नेते. म्हणजे चढण बसची, चालणं आपलं.

ग्वार्डात गेल्यावर काही करायचं नाही, फक्त भिंती बघायच्या. 1622 साली, युद्धाच्या धामधुमीत, ऑस्ट्रियाच्या फौजेने या खोऱ्यातली गावंच्या गावं जाळली. आज दिसतात ती बहुतेक घरं त्यानंतर बांधलेली. भिंतीला आधी करड्या चुन्याचा गिलावा, त्यावर पांढऱ्या चुन्याचा पातळ हात, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून नक्षी काढायची. खरवडलं तिथे खालचा करडा दिसतो. सूर्य, मासे, फुलं, वेलबुट्टी, दारावर साल आणि मालकाचं नाव. आई, तुझ्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे ते, फक्त इथे चुकलं तर पुसता येत नाही. एका कोपऱ्यावरच्या घराच्या भिंतीवर मी हात फिरवून पाहिला होता. रेघ लांबून रंगवलेली वाटते, बोटाला मात्र खाच लागते.

खिडक्या बघून अप्पा नक्की प्रश्न विचारतील. बाहेरून रुंद आणि आत निमुळत्या होत जाणाऱ्या, कारण भिंती जाड आणि थंडी फार. एवढीशी काच असून उजेड पुरतो. दार मात्र अवाढव्य, कारण गवताची गाडी त्याच दारातून, घराच्या मधल्या मोठ्या पडवीतून थेट मागच्या गवताच्या कोठाराकडे जायची. माणसं आणि जनावरं एका छपराखाली. आपल्या साक्रीच्या जुन्या वाड्यात बैल ढाळजेतून जायचे असं अप्पाच सांगतात ना.

गावात प्रत्येक वस्तीचा आपला पाण्याचा हौद आहे, चोवीस तास धार चालू. 1975 साली या गावाला जुनी घरं सांभाळल्याबद्दल वाकर पुरस्कार मिळाला. पण गाव संग्रहालय झालेलं नाही, शेण आहे, ट्रॅक्टर आहे, सकाळी दूध जातं. मला ते जास्त आवडतं.

ग्वार्डाहून बोश्चा नावाची वस्ती पाऊण तासावर, वाट जवळजवळ सपाट, एका बाजूला कुरणं आणि समोर दरीपलीकडे डोंगर. तिथून पुढे आर्देत्सला जाता येतं, पण ती उतरण आहे. गुडघ्याला चढणीपेक्षा उतरण वाईट, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय आणि मीही सांगते. म्हणून आई बोश्चापर्यंत जाऊन त्याच सपाट वाटेने परत येईल, मी तिच्याबरोबर. अप्पांना हुरूप असेल तर जावई त्यांना घेऊन आर्देत्सला उतरेल. तिथे एका घराच्या दर्शनी भिंतीवर 1647 सालचे आदम आणि ईव्ह आहेत, आणि गावाच्या डोक्यावर श्टाइन्सबर्ग किल्ल्याचा पडका बुरूज. संध्याकाळी सगळे स्क्वोलला भेटू. तिथे गावातल्या काही हौदांवर दोन तोट्या असतात, एकीला साधं पाणी, दुसरीला जमिनीतून आलेलं खनिज पाणी. सोड्यासारखं फसफसतं आणि लोखंडाची चव लागते. आई तोंड वाकडं करेल, अप्पा बाटली भरून घेतील.

दुसऱ्या टप्प्यात इटली. घाबरू नका, व्हिसा एकच, शेंगेन, दोन्हीकडे चालतो, पण पासपोर्ट पर्समध्ये ठेवायचा. त्सेर्नेत्सहून पिवळी बस 1914 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानातून, 2149 मीटरच्या ओफेन खिंडीवरून म्युश्ताइरला उतरते. तिथल्या मठात इसवी सन 800 च्या आसपासची भित्तिचित्रं आहेत, आणि साध्वी अजूनही राहतात. तासभर बसून बघायचं, मग त्याच बसने सीमेपलीकडे माल्सला.

माल्सजवळ ग्लुर्न्स आहे. हजारभर वस्तीचं शहर, हो, शहरच, कारण मध्ययुगात शहराचा दर्जा मिळालेला. पूर्ण तटबंदी शाबूत, तीन वेशी, आत कमानींच्या ओवऱ्या. 1499 मध्ये जवळच काल्वेनला लढाई झाली, शहर लुटलं गेलं, आणि मग सम्राट माक्सिमिलियनने हा तट बांधायला काढला. बांधून व्हायला 16वं शतक सरत आलं. अप्पा, सरकारी कामं तिकडेही अशीच. तटाच्या बाहेरून आख्खी प्रदक्षिणा अर्ध्या तासात होते. इथून पुढे सगळ्या गावांना दोन-दोन नावं आहेत, एक जर्मन आणि एक इटालियन, कारण हा मुलूख पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियाचा होता. ग्लुर्न्स आणि ग्लोरेन्झा एकच, मेरान आणि मेरानोही एकच. पाटी वाचून गोंधळू नका.

आता अप्पा, नीट वाचा, कारण हा भाग तुमच्यासाठी आहे.

माल्सपासून मेरानपर्यंत जे फिन्शगाऊ खोरं आहे, तिथे पाऊस फार कमी. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या धुळ्याएवढाच. आणि तरी सगळीकडे सफरचंदाच्या बागा. हे कशावर चाललं? पाटांवर. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी बांध घालून वळवायचं आणि उतार अगदी हलका ठेवून डोंगराच्या कुशीतून मैलोन्मैल न्यायचं. आपल्या पांझरा नदीवरच्या फड सिंचनाचीच पद्धत म्हणा ना. बंधारा, पाट, पाळ्या, आणि वर लक्ष ठेवायला पाटकरी. इथे पाटाला वाल म्हणतात आणि पाटकऱ्याला वालर. त्याला रोज पाटाच्या कडेने फिरून फुटलेलं बुजवायचं, पालापाचोळा काढायचा असे. त्यासाठी पाटाला लागून एक पायवाट ठेवली, आणि पाण्याला उतार हलका म्हणून वाटेलाही हलका. आज त्याच वाटांवरून लोक फिरायला जातात. दुखऱ्या गुडघ्यांना याहून चांगली वाट कोणी मुद्दाम आखूनही दिली नसती.

एक वस्तू मी तुम्हाला दाखवणारच आहे. पाटात मध्येच एक लाकडी पाणचक्र बसवलेलं असतं, वितभर पात्यांचं. पाणी वाहतं तोवर चक्र फिरतं, त्याला जोडलेला हातोडा उचलला जातो आणि घंटेवर पडतो. टण, थोडं थांबून टण. खाली झोपडीत बसलेल्या वालरला आवाज येतोय म्हणजे पाणी नीट चाललंय. घंटा थांबली की कुठेतरी पाट फुटला किंवा तुंबला, उठायचं आणि फावडं घेऊन निघायचं. तुम्ही पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं रात्री-बेरात्री सायकल काढून चारीवर जायचात, तेव्हा अशी एक घंटा असती तर आईने खात्याला हार घातला असता.

मार्लिंगचा पाट सगळ्यांत लांब, 12 किलोमीटर, 18व्या शतकात कार्थुसियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी खोदवलेला. तो पूर्ण करायचा हट्ट नको. आल्गुंडचा पाट सहाएक किलोमीटरचा, ट्योलच्या स्टेशनवर उतरून सुरुवात करता येते, आणि पुढे मेरानच्या टापाइनर वाटेला जोडून घेता येतं. काही ठिकाणी वाट अरुंद आहे, पण कठडा आहे. दमलो तर मध्येच गावात उतरून बस. 2023 साली युनेस्कोने युरोपातल्या सात देशांतली ही पारंपरिक सिंचनाची पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घातली. फडाचं नाव अजून त्या यादीत नाही, त्यावर आपण तिथे बसून चिडू.

आई, वाटेवर दोन्ही हातांना लाल सफरचंदं लोंबत असतात. ती शेतकऱ्याची आहेत. देवासाठी म्हणून दुसऱ्याच्या कुंपणातलं जास्वंद काढायची तुझी सवय तिथे चालायची नाही. शेताच्या कडेला टेबलावर पिशव्या भरून ठेवलेल्या असतात, डब्यात पैसे टाकायचे आणि घ्यायच्या.

मेरानची टापाइनर वाट डॉ. फ्रान्झ टापाइनर या तिथल्याच डॉक्टरने स्वतःच्या पैशांतून सुरू केली, 1893 मध्ये. गावाच्या वर, चार किलोमीटर, जवळजवळ सपाट. खाली छपरं आणि चर्चचा मनोरा, वर बर्फाची शिखरं, आणि मध्ये आपण निवडुंग, घायपात आणि ऑलिव्हच्या झाडांतून चालतोय. हवापालटासाठी आलेल्या रोग्यांनी रोज थोडं मोजून चालावं, हा त्या काळचा उपचार. खाली पासर नदीच्या काठाने आणखी फिरायच्या वाटा आहेत, एक उन्हाच्या बाजूची हिवाळ्यासाठी, एक सावलीची उन्हाळ्यासाठी. पाऊस आला तर जुन्या बाजारातल्या कमानींखालून चारशेएक मीटर कोरडं चालता येतं.

जेवणाचं. पालक भरलेल्या अर्धचंद्राच्या आकाराच्या करंज्या मिळतात, उकडलेल्या, वर लोणी. त्या आईला चालतील. ब्रेडचे गोळे मिळतात, पण "स्पेक" हा शब्द दिसला की थांबायचं, ते डुकराचं मांस. एंगाडीनमध्ये अक्रोडाचा केक असतो, साखर बघून एक फोड दोघांत. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी आणच, रात्री खोलीवर भात मी करेन.

अनंत चतुर्दशी झाली की निघा, घटस्थापनेच्या आत घरी पोचाल. पितृपक्षातली आजोबांची तिथी काका करणार आहेत, माझं त्यांच्याशी बोलणं झालंय, तेव्हा ती सबब नको. पाटांना तेव्हा पाणी असतं आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते. सकाळी गारठा असतो, स्वेटर दोन.

बूट आत्ताच घ्या, घोट्यापर्यंत असायची गरज नाही, तळ खरबरीत हवा. निघायच्या आधी महिनाभर ते घालून रोज चाला, इथे येऊन नवे बूट चावायला नकोत. चपला विमानतळापर्यंत. चालायच्या काठ्या मी इथे घेतल्यात, अप्पांनी "म्हाताऱ्यासारखं" म्हणायचं नाही, इथे विशीतली पोरंही वापरतात.

गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट लिहून घ्या आणि तिचा फोटो मला पाठवा. व्हिसाला 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो मी काढते, पण त्यासाठी दोघांच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान हवं. अप्पांच्या पासपोर्टची मुदतही बघा.

तुमची,
मनू

ता. क. आई, तुझ्या गुडघ्याचा पट्टा कपाटात वरच्या खणात आहे, मी मागच्या दिवाळीत ठेवला होता. आत्तापासून वापर.