जूनमध्ये फड रिकामा असतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बालमजुरीविरोधी दिनाचा कालचा अग्रलेख वाचला. चांगला आहे, हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर हा माणूस भांडायलाच बसलाय असं वाटायचं. काँगोतल्या कोबाल्टच्या खाणी आल्या, घाना आणि आयव्हरी कोस्टचे कोकोचे मळे आले, जगात १३ कोटी ८० लाख मुलं राबतात हा आकडाही आला. वर आफ्रिकेतल्या मुलाचा फोटो, चांगला चार कॉलमी. यातली ६१ टक्के मुलं शेतीत राबतात असं हा आकडा ज्या अहवालातला, त्याच अहवालात आहे, ते मात्र अग्रलेखात बसलं नाही. जागा कमी पडली असेल. शेजारी अर्धं पान वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

चॉकलेट आमच्या घरात नातवंडं आली तर येतं. साखर रोज लागते. म्हणून साखरेचं सांगतो.

गेल्या जानेवारीत आपलेच फोटोग्राफर आमच्या उसाच्या फडात आले होते. गाळप हंगामाचं छायाचित्र हवं होतं. ऊसतोडीची टोळी बीडकडची. त्यात नऊ-दहा वर्षांची एक पोरगी, काखेला धाकटा भाऊ, दुसऱ्या हातानं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होती. फोटोग्राफरना ती आवडली. त्यांनी पोराला खाली सरीत बसवायला लावलं, वाढ्याचा भारा तिच्या डोक्यावर दिला आणि म्हणाले, "हास की जरा!" पोरगं रडायला लागलं, तर तिचं लक्ष सारखं तिकडं. दोन-तीनदा भारा उतरवून पुन्हा चढवला. दुसऱ्या दिवशी रंगीत फोटो आला, खाली ओळ होती: 'चिमुकलीचा आई-बापाला हातभार'. मी अंक घेऊन फडात गेलो. तिच्या आईनं कोयता न ठेवताच बघितलं आणि विचारलं, "याचं काही मिळतंय का?" मी काय सांगणार? तो प्रश्न आज आपल्याकडे पाठवतो.

तीच पोरगी काँगोत कोलवेझीच्या खाणीत सापडली असती तर अग्रलेखात गेली असती. पलूसच्या फडात सापडली, म्हणून हातभार झाली.

आणि हा दिवस १२ जूनला. त्याला इलाज नाही, जगानं ठरवलाय. पण जूनमध्ये आमच्याकडे टोळी नसते हो! दिवाळीच्या पुढंमागं येते, मार्च-एप्रिलात जाते. जूनमध्ये तपासणीची गाडी निघते, चहाची हॉटेलं आणि गॅरेजं बघून परत जाते. फडात कुणी फिरकत नाही, आणि फिरकलं तरी तिथं तोडलेल्या उसाला फुटलेल्या खोडव्याशिवाय काय दिसणार? जानेवारीत ही माणसं कुठं असतात?

टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या कोयत्याच्या नावावर, मजुरी टनावर. एक दिवस नाही आलं तर खाडा, म्हणजे पैसे कापले. पोरगी मोळी बांधू लागते, पाणी आणते, भाऊ सांभाळते, म्हणून आईचा हात मोकळा राहतो आणि टन भरतो. टोळीच्या मुकादमाच्या वहीत तिचं नाव नाही. मग मजूर म्हणून तिला मोजायचं कुणी? कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायला बंदी, पण शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात मदत केली तर चालतं. कारखान्याचा ऊस तोडणं हा त्या पोरीचा घरचा धंदा कधीपासून झाला? आणि शाळा सुटायला आधी भरावी लागते ना!

शाळा आहे. जिल्हा परिषदेची, फडापासून लांबही नाही. पूर्वी कारखान्यांवर साखर शाळा असायच्या. शिक्षण हक्क कायदा आल्यावर त्या मागे पडल्या. आता पोरांनी जवळच्या नियमित शाळेत बसायचं. कागदावर उत्तम. पण टोळी पहाटे निघते आणि शाळा भरते साडेदहाला. टोळीच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, दार नाही, तर पोरं मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर? आमच्या गावचे गुरुजी स्वतः कोपीवर जाऊन नावं लिहून आले होते. मुलगे दोन आले, पोरगी आली नाही, कारण भाऊ कडेवर. म्हणून माझं म्हणणं एवढंच की तिच्या शाळेआधी तिच्या भावाची सोय करा. कोपीजवळ पहाटे उघडणारं पाळणाघर द्या. ती आपोआप शाळेत जाईल, तुमच्या रॅलीची गरज नाही.

फड तुमचाच होता, तुम्ही का नाही बोललात, असं कुणी विचारील. टोळी मी आणत नाही, कारखान्याच्या तोडणीच्या प्रोग्रामनं येते. मुकादमाशी वाकडं घेतलं की ऊस तुरा येईपर्यंत उभा. खुशाली, म्हणजे तोडणीसाठी वरचे पैसे, द्यावी लागते ती वेगळीच. आणि बीडलाच नावं ठेवायला नकोत, आपल्या जत तालुक्यातली माणसंही कोयता घेऊन जातातच.

अग्रलेखाचा शेवट नेहमीप्रमाणे कर्मवीरांवर झाला. १९१९ साली काल्याला रयत सुरू झाली, 'कमवा आणि शिका' आणि काय काय. कर्मवीरांची पोरं शिकण्यासाठी कमवत होती. ही पोरगी कमवतही नाही आणि शिकतही नाही. भाऊरावांना यात ओढू नका.

तेव्हा येत्या जानेवारीत फोटोग्राफरना पुन्हा पाठवा. चहा मी देईन. भारा मात्र त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घ्यावा. आणि एक बातमीदारही पाठवा, पहाटे पाचला, नाश्ता करून नको.

हे पत्र छापणार असाल तर अख्खं छापा. मागच्या वेळी उसाच्या बिलावर लिहिलं होतं. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, १४ दिवसांत द्यायची असा नियम आहे, हे एकच वाक्य नेमकं गळालं, आणि 'आपला अंक नियमित वाचतो' हे राहिलं.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. पलूस, जि. सांगली