जुना पट्टा मालकाच्या हातात द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनचे पैसे हातात आले की दसरा-दिवाळीच्या आसपास आमच्याकडं जुन्या गाड्या घ्यायची घाई सुरू होते. घेणारा टायर बघतो, एसी लावून बघतो, पत्रा कुठं ठोकलाय का ते हात फिरवून बघतो, बॅटरी कधीची ते विचारतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, कधी बदललाय हे मात्र कुणीच विचारत नाही, मी पण विचारलं नव्हतं, म्हणूनच हे पत्र लिहायलोय.

माझी पिठाची गिरणी आहे, रेणापूर तालुक्यात. पट्ट्यांशी माझा रोजचा संबंध. गिरणीचा पट्टा सैल झाला तर घसरतो, पीठ जाडं पडायला लागतं, आपण थोडी राळ चोळतो, नाहीतर मोटर मागं ओढतो आणि काम चालू. गाडीच्या इंजिनातला टायमिंगचा पट्टा तसा नाही. त्याला आतून दात असतात आणि तो एका दातानं जरी सरकला तरी इंजिनाचा सगळा हिशोब चुकतो. खाली क्रँक, म्हणजे पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा, दोन फेरे फिरला की वर कॅम, म्हणजे पट्ट्यानं त्याला जोडलेला दांडा, बरोबर एक फेरा फिरला पाहिजे, कमी नाही की जास्त नाही, कारण त्या कॅमवरच व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, कधी उघडायचे कधी मिटायचे ते ठरलेलं असतं. गाडी तीन हजार आरपीएमला, म्हणजे क्रँकच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असेल तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि पिस्टन त्याच्या दुप्पट, ५० वेळा वर येऊन परत जातो. बऱ्याच इंजिनांत दोघांची जागा एकच असते, फक्त वेळ वेगळी. पट्टा तुटला की कॅम थांबतो, उघडे व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांना धडकतो.

दोन वर्षांखाली मे महिन्यात अण्णांना रात्री धाप लागली म्हणून पहाटेच गाडी काढली आणि अंबाजोगाईला निघालो. बर्दापूरच्या अलीकडं पुढून फट् असा आवाज झाला, लई मोठा नाही, फडकं झटकल्यासारखा, आणि इंजिन बंद. सेल्फ मारून बघितला तर नेहमी जोर लावून घुर्रघुर्र करतं तसं न करता इंजिन सरसर हलकं फिरायलं, जसं आत काही नाहीच. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही आणि मी चारपाच वेळा सेल्फ मारला, आता कळतंय की ते अजिबात करायला नको होतं. एका टेम्पोवाल्यानं अण्णांना आणि मला दवाखान्यात सोडलं, अण्णा आज बरे आहेत, पण तो रस्त्यावरचा पाऊण तास मी विसरू शकत नाही. गाडी ट्रॅक्टरला दोरी बांधून लातूरला आणली. मिस्त्रींनी कव्हर काढून तुटलेला पट्टा दाखवला, मग हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवलं तर व्हॉल्व्ह वाकलेले. हेडचं काम, व्हॉल्व्ह, गॅस्केट, मजुरी धरून एकोणीस हजार गेले, आणि पट्टा नि टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली, वेळेवर बदलला असता तर सामान दोन हजारांच्या आत होतं. गाडीचं नाव लिहीत नाही कारण दोष गाडीचा नव्हता, तिच्या पुस्तिकेत पट्टा कधी बदलायचा ते स्पष्ट छापलेलं आहे. ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात पहिल्या दिवसापासून होती.

ज्यानं गाडी विकली तो म्हणाला होता की सगळं नवीन टाकलंय. पट्ट्याबद्दल त्यालाही माहीत नसेल, कारण त्याच्या आधीचा मालक वेगळा आणि त्याच्या आधीचा अजून वेगळा. कुणी बदलला, कधी बदलला, बदलला तरी का, कुठंच लिहिलेलं नाही. माझं मुख्य दुखणं हेच आहे.

ह्या वर्षी आमच्या दाजींनी चाकूरला अगदी तसलीच गाडी जुनी घेतली. मी पहिल्या दिवशीच म्हणलं, दाजी, हिचा पट्टा बदलल्याशिवाय लांब जायचं नाही. भाच्यानं आयटीआयला मोटर मेकॅनिक केलंय, तो म्हणला मामा आपण घरीच बदलू, साधं सिंगल कॅमचं पेट्रोल इंजिन आहे. मी आधी मिस्त्रींना विचारलं, त्यांनी काय काय बघायचं ते तर सांगितलंच, वर त्यांचा टॉर्क पान्हा, म्हणजे बोल्ट मापात आवळायचा पान्हा, दिवसभरासाठी दिला.

आम्ही वाड्यातल्या फरशीवर, सपाट जागेवर गाडी लावली. बॅटरीची मायनसची वायर आधी काढली. उजवं चाक काढायचं होतं, म्हणून जॅक लावून खाली लोखंडी स्टँड दिला आणि काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवलं. हे मी मुद्दाम लिहितो, आपल्याकडं विटा नाहीतर सिमेंटचा ठोकळा लावून माणसं गाडीखाली शिरतात, तो ठोकळा कधी फुटेल सांगता येत नाही आणि नुसता जॅक तर अजिबात भरवशाचा नाही. मग अल्टरनेटरचा पट्टा काढला, प्लग काढून घेतले म्हणजे इंजिन हातानं हलकं फिरतं. क्रँकच्या पुलीचा बोल्ट लई घट्ट असतो, दाजींनी गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून ब्रेक दाबून धरला तेव्हा लांब दांड्याच्या गोटी पान्ह्यानं तो सुटला. मग गिअर काढून न्यूट्रल केली, नाहीतर इंजिन फिरतच नाही.

कव्हर काढल्यावर पट्टा दिसला. वरून बरा वाटत होता, पण उलटा वळवून बघितला तर दातांच्या मुळाशी चिरा, एका कडेचे दोरे निघालेले आणि क्रँकच्या बाजूला ऑइल लागून रबर मऊ पडलेलं. म्हणजे क्रँकचं ऑइल सील, ऑइल अडवणारी रबरी रिंग, गळत होतं. पट्टा नवीन टाकून सील जुनंच ठेवलं असतं तर नवीन पट्टाही तसाच खराब झाला असता, म्हणून भाचा मोटारसायकलवर लातूरला जाऊन सील घेऊन आला. टेन्शनरची बेअरिंग बोटानं फिरवली तर खरखर आवाज, तीही बदलली. काही गाड्यांत वॉटर पंपही ह्याच पट्ट्यावर फिरतो, तिथं पट्टा बदलताना पंपही बदलून टाकावा, कारण पुन्हा तेवढंच सगळं खोलावं लागतं.

आता खुणांचं. क्रँकच्या दात्याच्या पुलीवर एक खूण असते आणि तिच्यासमोर इंजिनाच्या अंगावर एक, तशीच वर कॅमच्या पुलीची. पट्टा काढायच्या आधी इंजिन पान्ह्यानं फिरवून दोन्ही खुणा जुळवायच्या, म्हणजे एक नंबरचा पिस्टन एकदम वर येतो. क्रँकची खूण जुळली पण कॅमची उलट्या बाजूला दिसली तर घाबरायचं नाही, क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवायचा, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक. भाच्यानं मोबाइलमध्ये चार बाजूंनी फोटो काढले आणि त्याच्या बहिणीच्या नेलपॉलिशनं खुणांवर ठिपके दिले. मग टेन्शनर ढिला करून पट्टा काढला तर कॅमची पुली टक् करून थोडी पुढं सरकली. आतल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा तिला ढकलतात, ती पान्ह्यानं हळूच खुणेवर आणली. पट्टा नसताना क्रँक मात्र फिरवायचा नाही, तिथंच पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकाला लागायची भीती असते.

नवीन पट्टा घेताना एका दुकानात तो घडी घालून खिळ्याला अडकवलेला होता, वर पत्र्याचं छत तापलेलं. तो घेतला नाही. हा पट्टा दुमडायचा नसतो, पिळायचा नसतो, आतले दोरे मोडतात आणि ते बाहेरून दिसत नाही. दुसऱ्या दुकानातून बंद खोक्यातला, बिलासकट घेतला.

पट्टा बसवला, टेन्शनरच्या स्प्रिंगनं ताण घेतला, आणि मग इंजिन पान्ह्यानं घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं दोन पूर्ण फेरे फिरवलं. क्रँकची खूण जुळली. कॅमची एक दात मागं. मला वाटलं इतकं चालत असेल, भाचा म्हणला, "मामा, एक दात पण चालत नाही, परत काढू." त्याचं बरोबर होतं. पट्टा घालताना ओढाची बाजू, म्हणजे टेन्शनर नसलेली बाजू, आधी ताणून घ्यायची असते आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला ठेवायचा असतो, आम्ही उलटं केलं होतं. परत काढला, परत बसवला, परत दोन फेरे, ह्यावेळी दोन्ही ठिपके समोरासमोर. फिरवताना कुठं अडकतंय असं वाटलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. सेल्फ मारून बघू असं दाजी दोनदा म्हणाले, पण हातानं फेरे झाल्याशिवाय सेल्फला हात लावू दिला नाही. एक दाताची ती चूक हातानं फिरवल्यामुळंच सापडली, तिथं एक रुपयाचंही नुकसान झालं नाही.

टेन्शनरचे आणि पुलीचे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापानं टॉर्क पान्ह्यानं आवळले. सकाळी नऊला सुरू केलेलं काम साडेचारला संपलं, सील आणायला गेलेला वेळ धरून. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली.

सगळ्यांनी घरी करावं असं माझं म्हणणं नाही. डिझेलच्या काही गाड्यांत, जुन्या इंडिकासारख्या, डिझेल पंपही ह्याच पट्ट्यावर चालतो, त्याचीही खूण जुळवावी लागते. दोन कॅमच्या बऱ्याच इंजिनांना कॅम धरून ठेवायला खास टूल लागतात. तिथं मिस्त्रीकडंच जावं. पण आपल्या गाडीला पट्टा आहे की चेन, एवढं तरी मालकाला माहीत पाहिजे. मारुतीच्या के सिरीज इंजिनांना चेन आहे, स्विफ्टच्या १.३ डिझेललाही चेन. जुनी मारुती ८००, झेन, जुनी सँट्रो, लोगन ह्या पट्ट्याच्या. आणि ह्यातल्याच गाड्या आज आमच्या गावागावात तिसऱ्या-चौथ्या मालकाकडं फिरायल्यात. पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरायचं. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतं, त्यात आमच्याकडचा उन्हाळा ४२-४३ डिग्रीचा.

मिस्त्रींना मी दोष देत नाही. टॉर्क पान्हा परत द्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, मी कव्हर उघडून चिरा दाखवतो तरी माणूस म्हणतो, चालतीय तवर चालू द्या. हे खरं आहे. पण दुसरी बाजू अशी की पैसे दिल्यावरसुद्धा पट्टा खरंच बदलला का, हे मालकाला कळायचा काही मार्गच नाही, सगळं कव्हरच्या आत. म्हणून आपल्या पेपरामार्फत सगळ्या गॅरेजवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पट्टा बदलला की जुना पट्टा मालकाच्या हातात द्या, आणि टायमिंगच्या कव्हरवर ऑइल पेंटनं तारीख आणि किलोमीटर लिहा. दोन मिनिटांचं काम आहे. गाडी पुढं कितीही जणांना विकली तरी बोनेट उघडलं की कळेल. आणि जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे लिहिलेलं नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असं धरून सौद्यातून तेवढे पैसे कमी करून घ्यावेत.

लातूर, नांदेड, परभणी, बीड इथल्या आयटीआयनी वर्षातून एखादा रविवार गाडीमालकांसाठी ठेवला आणि उघडं इंजिन समोर ठेवून पट्टा, चेन, खुणा एवढंच दाखवलं तरी लई उपयोग होईल. आपल्या पेपरात नव्या गाड्यांची माहिती येते, तशी जुन्या गाड्यांपैकी कोणत्या पट्ट्याच्या आणि कोणत्या चेनच्या, एवढी एक चौकट दसऱ्याच्या आधी छापावी. दाजींच्या गाडीचा जुना पट्टा मी गिरणीत दर्शनी खिळ्याला लावलाय, दळण घेऊन येणारे विचारतात हे काय, मग चिरा दाखवून सांगतो.

आपला नियमित वाचक,
एक गिरणीवाला, ता. रेणापूर, जि. लातूर