अंतर कोणते, वेळ कोणती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपच्या प्रवासावरील लेखांत ‘लंडन ते पॅरिस ३४४ किलोमीटर, विमानाने सव्वा तास’ अशी एका ओळीची माहिती वारंवार छापली जाते. हे आकडे खोटे नसतात. पण ते अपुरे असतात आणि त्यांच्या भरवशावर दिवसाचा कार्यक्रम आखणाऱ्या वाचकाची त्यामुळे ओढाताण होते, म्हणून हे पत्र.

३४४ किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले, या दोन शहरांमधले कमीत कमी अंतर आहे. त्या रेषेवरून प्रवास मात्र कोणी करत नाही. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी वळसे घेत जाते, तर युरोस्टार रेल्वे इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून सुमारे ४९२ किलोमीटर धावते. तरीही या कागदी अंतराला युरोपात कायद्याचे वजन आहे. विमानाला उशीर झाल्यास प्रवाशाला किती भरपाई द्यायची, हे ठरवताना युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमात हेच अंतर धरले जाते. त्याच नियमाचा अर्थ लावताना युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की, विमान पोहोचल्याची वेळ म्हणजे चाके धावपट्टीला टेकल्याची वेळ नव्हे, तर प्रवाशांना उतरण्यासाठी निदान एक दार उघडल्याची वेळ. मला हा निर्णय फार न्याय्य वाटतो, कारण दार उघडेपर्यंत प्रवासी अडकलेलाच असतो.

सव्वा तासाचेही असेच आहे. वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतची असते. प्रत्यक्ष हवेतला काळ त्याहून बराच कमी भरतो. त्यात पॅरिसचे घड्याळ लंडनच्या एक तास पुढे असते (सूर्याच्या हिशेबाने हा फरक जेमतेम १० मिनिटांचा आहे). त्यामुळे लंडनहून १० वाजता सुटणारे विमान तिकिटावर १२ वाजून १५ मिनिटांनी पोहोचते आणि परतीचा प्रवास तिकिटावर जणू पाव तासाचा दिसतो. पुढची जोडगाडी जवळच्या वेळेची असली, तर हा हिशेब चुकणे महागात पडते.

शिवाय हीथ्रो विमानतळ लंडनच्या पश्चिमेला आहे आणि पॅरिस आग्नेयेला, म्हणजे प्रवासाची सुरुवातच उलट दिशेने होते. चार्ल्स द गॉल विमानतळही पॅरिसपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. सुरक्षा तपासणी आणि सामान यांचा वेळ धरला, तर सुमारे सव्वादोन तासांत एका शहराच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात नेणारी रेल्वे बहुतेकांना लवकर पोहोचवते. अर्थात तिथेही दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्याआधी होते, तेव्हा तो वेळ वगळून चालत नाही.

आपल्या प्रवासविषयक पुरवणीत यापुढे अंतर हवाई, रस्त्याचे की रेल्वेचे, हे स्पष्ट लिहावे आणि विमानाच्या वेळेसोबत शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत लागणारा अंदाजे वेळ व घड्याळातील फरकही द्यावा, अशी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक