मुलाम्याच्या दागिन्याची पावती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई आली की ‘एक ग्रॅम’, ‘गोल्ड फॉर्मिंग’, ‘मायक्रो प्लेटिंग’ अशा पाट्या बाजारपेठेत जागोजागी दिसू लागतात. सोन्याचा भाव पाहता असे दागिने घेण्यात कमीपणा मुळीच नाही. प्रवासात मी स्वतः तेच घालते. तक्रार एवढीच आहे की, या नावांखाली नेमके काय विकले जाते हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही आणि पावतीवरही ते लिहिलेले नसते.

माझ्या धाकट्या बहिणीने दीड वर्षापूर्वी ‘फॉर्मिंगचे’ म्हणून घेतलेले गोठ (जाड, भरीव बांगड्या) एकमेकांवर घासतात त्या जागी आता तांबूस दिसू लागले आहेत. फॉर्मिंगमध्ये तांब्याच्या किंवा चांदीच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ पत्रा बसवतात. मुलाम्यात, म्हणजे प्लेटिंगमध्ये, मात्र दागिना सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून वीजप्रवाहाने त्यावर थर चढवतात, आणि हा थर पत्र्याच्या मानाने फारच पातळ असतो. किती पातळ, याचा हिशेब मी घरीच मांडला. सहा सेंटिमीटर व्यासाच्या, सहा मिलिमीटर जाडीच्या एका गोठाचे पृष्ठफळ सुमारे ३६ चौरस सेंटिमीटर भरते. त्यावर एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढा थर दिला तरी सोने लागते जेमतेम ७० मिलिग्रॅम. पुरते एक ग्रॅम सोने चढवायचे तर थर १४ मायक्रॉनचा हवा, आणि तसा गोठ काहीशे रुपयांत मिळणे शक्य नाही. तेव्हा ‘एक ग्रॅम’ हे केवळ नाव आहे, वजन नव्हे, हे दुकानदारानेच सांगायला हवे.

अमेरिकेत याबाबत निश्चित व्याख्या आहेत. ‘गोल्ड फिल्ड’ म्हणून विकायच्या दागिन्यात सोन्याच्या मिश्रधातूचा थर वजनाच्या किमान विसाव्या हिश्श्याइतका असावा लागतो, तर स्टर्लिंग (९२.५ टक्के शुद्ध) चांदीवरच्या मुलाम्याला ‘व्हर्मेल’ म्हणायचे तर तो किमान अडीच मायक्रॉनचा लागतो. आपल्याकडे जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. पण तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा आहे, तांब्यावरच्या मुलाम्याचा नाही. त्यामुळे आतल्या बाजूला नुसता ‘९१६’ हा बावीस कॅरेटचा आकडा कोरलेला दिसला म्हणून भुलू नये. एचयूआयडी असेल तर तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. हातात तोलूनही थोडा अंदाज येतो, कारण सोन्याची घनता तांब्याच्या दुपटीहून अधिक असल्याने त्याच घाटाचा तांब्याचा भरीव गोठ हाताला स्पष्टपणे हलका लागतो.

गाभा कशाचा, ही नोंद तर मला सर्वांत मोलाची वाटते. चांदीवरचा मुलामा उडाला तरी मोडीत चांदीचे पैसे येतात, पितळेचे जवळपास काहीच येत नाहीत. शिवाय थराखाली निकेल असेल तर काहींच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येते. म्हणून गाभ्याचा धातू, थर पत्र्याचा की मुलाम्याचा, सोने किती कॅरेटचे आणि जाडी किती मायक्रॉन, या चार गोष्टी पावतीवर लिहिणे ग्राहक व्यवहार खात्याने बंधनकारक करावे. दोन ओळींचे काम आहे. बहिणीच्या पावतीवर ‘गोठ जोड १, गॅरंटी सहा महिने’ एवढेच लिहिलेले होते.

दुकानदार आता पुन्हा पॉलिश करून द्यायला तयार आहे. ते कशाचे आणि किती मायक्रॉनचे, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, सोन्याचंच की!”

आपली,
एक वाचक, सांगली