टाकीची गळती : मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले आणि त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो आहे, कारण गाडीच्या टाकीतून पेट्रोलची गळती हा उद्यावर टाकण्याचा विषय नव्हे. टाकी अर्धी असते तोवर सारे कोरडे, पण काठोकाठ भरली की मागे वास येतो आणि सकाळी टाकीच्या कुशीवर ओल दिसते, या तुझ्या वर्णनातच निम्मे उत्तर आहे. दोष वरच्या भागात आहे; म्हणून तळाच्या ड्रेन प्लगला, म्हणजे टाकी रिकामी करण्याच्या बुचाला, हात लावण्याआधी इंधनकाट्याचे सेंडर युनिट (टाकीतल्या पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) जिथे बसते ती जागा पाहा.

'कोणते सीलंट (फटी बुजवणारा लेप) लावू?' असे तू विचारतोस. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत शेवटी यावा. आधी तो जोड मुळात कोणत्या पृष्ठभागावर पेट्रोल अडवतो, हे ओळखायला हवे. माझ्या गाडीच्या सेंडरवर मी पहिल्या वेळी साधे सिलिकॉन थापले होते. काही आठवड्यांत ते पेट्रोलने फुगले, पाण्यात राहिलेल्या साबणाच्या वडीसारखे बुळबुळीत झाले, आणि त्याचे तुकडे मला फिल्टरमध्ये सापडले. तेच तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटपर्यंत, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रापर्यंत, पोहोचले असते तर गाडी भर रस्त्यात बंद पडली असती.

सेंडर काढलास की त्याची चकती उलटी करून उजेडात धर. पूर्वी कोणीतरी स्क्रू जीव खाऊन आवळलेले असतात, त्यामुळे प्रत्येक भोकाभोवती पत्रा दबून खळगा पडतो आणि दोन भोकांच्या मध्ये तो कमानीसारखा उचलला जातो. मधले गॅस्केट (जोडात दाबून बसणारी मऊ चकती) कितीही चांगले असले तरी त्या कमानीखालून पेट्रोल वाट काढतेच. चकती सपाट ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ कर. टाकीच्या तोंडावरचा जुना थर लाकडी पट्टीने खरवड, धातूच्या पात्याने नको, कारण एक आडवा ओरखडाही पुढे पाझरतो. जुने कॉर्कचे गॅस्केट पुन्हा वापरू नकोस. गाडी फार दिवस उभी राहिली की कॉर्क सुकून आकसते, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात जुने रबरही तग धरत नाही. नायट्राइल किंवा व्हिटॉन या पेट्रोल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे घे.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. काही टाक्यांवर स्क्रूची भोके आरपार टाकीत उघडतात, म्हणून गॅस्केट कोरडे ठणठणीत असूनही पेट्रोल आट्यांवरून चढून स्क्रूच्या डोक्याखाली उगवते. अशा ठिकाणी आट्यांना पेट्रोल सोसणारे, न कडकणारे सीलंट पातळसर लाव आणि डोक्याखाली फायबरचे वॉशर घाल. मग समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळ. बऱ्याच गाड्यांत सेंडरला अर्थिंग याच स्क्रूंतून मिळते. जोडणीनंतर काटा चुकीचे दाखवू लागला तर आधी तिथे पाहा.

पाइपांच्या जोडांचे थोडक्यात सांगतो. फ्लेअर केलेल्या, म्हणजे टोक तुतारीसारखे पसरवलेल्या, पाइपाचा जोड धातूवर धातू बसून बंद होतो. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे व्यर्थ आहे. निमुळत्या आट्यांना मात्र सीलंट हवेच. सरळ आट्यांच्या ड्रेन प्लगमध्ये सारी भिस्त वॉशरवर असते. तांब्याचे जुने वॉशर गाडीपासून दूर नेऊन मंद लाल होईतो तापवले आणि थंड केले की पुन्हा मऊ होऊन नीट बसते, पण नवे मिळत असेल तर नवेच घाल.

टाकीच्या झाकणाचे श्वासछिद्रही (हवा आत-बाहेर जाण्याचे भोक) तपास. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला साधारण 0.1 टक्का फुगते. 50 लिटरची भरलेली टाकी 20 अंशांनी तापली तर जवळजवळ एक लिटर जास्तीची जागा मागते. श्वासछिद्र बुजलेले असेल तर तो सारा दाब तुझ्या नव्या गॅस्केटवरच येईल.

काम मोकळ्या हवेत कर आणि बॅटरीची तार आधी सोड. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते, कारण आत वाफ कोंडलेली असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचून दूरवरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. म्हणून टाकीवर डाग देणे (सोल्डरिंग) किंवा ग्राइंडर चालवणे तू स्वतः करू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जोडणी झाल्यावर टाकी भर, जोड कोरडे पूस आणि त्यांवर खडूची पूड भुरभुरव. एक रात्र गेल्यावर पूड जिथे ओली दिसेल, तिथूनच पाझर आहे. पण त्याआधी, सेंडर उतरवलास की चकतीवर फूटपट्टी उभी धर आणि तिच्याखालून किती ठिकाणी उजेड दिसतो ते मला लगेच कळव.

तुझाच,
मित्र