बाळ्यास पत्र: यायचं तर रस्ता मोजून ये

प्रिय बाळ्या,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले, रिप्लाय दिला नाही म्हणून रागावू नकोस लेका, दोन ओळीत उरकण्यासारखं ते नव्हतंच. तू विचारलास की बेळगावजवळ मच्छे गावात एका कंपनीत नोकरी मिळतेय, पुण्यापेक्षा पाच हजार कमी पण घरातनं जाऊन येऊन करता येईल, तर येऊ काय? आणि वर लिहिलायस, "तुझं बरं हाय, रात्री आईच्या हातचं जेवून आपल्या अंथरुणावर झोपतोस." वाचून हसू आलं. झोपतो हे खरं हाय. त्याच्याशिवाय घरात मी काय करतो ते पुढं वाच आणि तूच ठरव.

मी सव्वाचारला उठतो. फर्स्ट शिफ्ट सातची, उद्यमबागला, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, सातच्या आत हजेरीच्या मशीनवर थम लागला पाहिजे. आपल्या गावात वस्तीला येणारी गाडी तीच सकाळी साडेपाचला सुटते, म्हणजे रात्री गाडी आली नाही तर सकाळी आम्ही सगळे अडकलो. म्हणून जेवण झालं की मी पहिलं जाऊन बघून येतो गाडी देवळापुढं लागलीय काय. आईला वाटतं पोरगं देवाला हात जोडायला जातंय, मी पण सांगितलं नाही कधी.

खानापुरात उतरायचं, बेळगावची दुसरी गाडी धरायची, आणि तिथनं उद्यमबागपर्यंत बहुतेक उभ्यानंच. कंडक्टर मागनं "मुंद होगरी, मुंद होगरी" करत ढकलतोय, पुढं जायला जागा असेल तर माणूस जाईल न्हवं? पाटी कन्नडमध्ये, आपल्याला वाचायला येते पण आबांच्या वयाची माणसं अजून ड्रायव्हरचं तोंड बघून गाडी ओळखतात. येताना तर विचारूच नको, साडेतीनला सुटतो पण खानापुरातनं गावाकडची गाडी चुकली तर वडापची वाट बघत बसायचं, ती भरल्याशिवाय हलत नाही.

मागं एकदा बसल्या बसल्या हिशोब केला. जाऊन येऊन थांबून तीन तास रोज, महिन्याला २५ दिवस धरले तर ७५ तास. म्हणजे आठ तासाच्या नऊ शिफ्ट आणि वर थोडं. महिन्याला नऊ शिफ्ट मी रस्त्यावर करतो आणि त्या कुणाच्याच वहीत नाहीत बघ. कंपनी म्हणते तू गेटच्या आत आलास तिथनं तू आमचा, घरातले म्हणतात तू घरात आलास तिथनं तू आमचा, मधले तीन तास मी कुणाचाच नाही. बरं दहा मिनिटं उशीर झाला तर अर्ध्या तासाचा पगार कापतात, पण गाडी लवकर आली म्हणून मी वीस मिनिटं आधी जाऊन गेटवर बसलो तर त्याचं काय मिळत नाही.

भाच्यानं मोबाईलवर एक दाखवलं मला, तो इकॉनॉमिक्स शिकतो. स्वित्झर्लंडच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी, फ्रे आणि स्टुट्झर, जर्मनीतल्या लोकांची माहिती घेऊन अभ्यास केला, २००८ ला छापून आला. त्यांना वाटलेलं की लांबनं कामाला येणाऱ्याला कुठंतरी भरपाई मिळत असणार, जास्त पगार म्हणा नाहीतर स्वस्तात चांगलं घर, नाहीतर माणूस एवढा प्रवास का करेल. पण निघालं उलटं, जेवढा प्रवास लांब तेवढं माणूस कमी समाधानी. अमेरिकेत टेक्सासला ९०९ नोकरदार बायकांना कालचा दिवस तुकड्या तुकड्यानं आठवायला लावलेलं, २००४ चा अभ्यास, त्यात सगळ्यात नकोसा तुकडा म्हणजे सकाळी कामाला जाणं. मी भाच्याला म्हटलं, तिकडं एसी गाडीत बसून जाणाऱ्यांचं हे, आमच्या खानापूरच्या गाडीत एक दिवस घाला त्यांना.

पण तुला खरं सांगू, कंबर दुखते, ॲसिडिटी झालीय, हे सगळ्यांना होतंय. मला जास्त लागलं ते दुसरंच. रोप लावणीचं. तुला पैरा आठवतो न्हवं? आज तुझ्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तू, पैशाचा संबंध नाही. आता मी कुणाच्या रानात जात नाही, जाणार कधी, जुलैत भर पावसात गावातनं पहाटे निघतो ते दिवस कलताना येतो. मग माझ्यात कोण येणार? पहिल्या वर्षी आले लाजेखातर. दुसऱ्या वर्षी निम्मे आले. ह्या वर्षी मी मजुरी देऊन बायका आणल्या, त्यातल्या दोन तर आपल्याच गल्लीतल्या, लहानपणी त्यांच्या चिखलात आपण लोळलोय, आणि संध्याकाळी मी त्यांच्या हातात नोटा मोजून ठेवल्या. त्यांनी घेतल्या पण मान वर केली नाही, मी पण केली नाही. सुगीला तेच, भात कापायला मशीन बोलवलं. लोक म्हणतात पोरगं कंपनीत लागलं, पैसा आला. पैसा आला तो असा गेला, आणि पैऱ्यातनं नाव पण गेलं.

भजनाचं तर सोडून दे, मृदंग आता दुसराच वाजवतो, बरा वाजवतो.

आबा कौलाच्या कारखान्यात जायचे तुला माहीत हाय, सायकलवर, भोंगा घरात ऐकू यायचा, दुपारी जेवायला घरी. खानापूरच्या कौलांना तेव्हा लांबनं मागणी असायची. मग घरावर स्लॅब आले, पत्रे आले, भट्ट्या थंड झाल्या आणि आमचं काम सरकत सरकत उद्यमबागला गेलं. कामाच्या मागनं आम्ही गेलो पण जमीन इथंच, म्हातारी माणसं इथंच. म्हणून ना इकडचे ना तिकडचे. पिरनवाडीला रूम घेऊया म्हणून मी दोनदा बघून आलो, भाडं आणि दोन चुली धरल्या तर पगारात काही उरत नाही.

बायकांच्या गर्दीवरनं आमच्या गाडीत रोज भांडणं, ते पण सांगतो. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकच्या बायकांना साध्या बसला तिकीट नाही, आधार दाखवायचं, झिरो तिकीट घ्यायचं. गडी माणसं म्हणतात आम्ही पैसे देऊन उभे आणि ह्या फुकट बसतात. मला ते पटत नाही. आमची वहिनी आता टिळकवाडीला शिलाईच्या कामाला जाते, आधी पगारातला मोठा हिस्सा तिकिटात जाणार म्हणून घरात कुणी पाठवायला तयार नव्हतं. आमच्या रूटला गाड्या तेवढ्याच ठेवल्या त्याचा राग बायकांवर कशाला?

आणि हद्दीची गंमत बघ. आमच्या पॅकिंगला एक ताई येतात शिनोळीच्या पलीकडनं, चंदगड तालुक्यातनं. त्यांचं आधार महाराष्ट्राचं, म्हणून कर्नाटकच्या गाडीत पूर्ण तिकीट. तिकडच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट हाय, पण त्यांचं काम हाय इकडं. बाचीची बाई फुकट, दोन पावलं पुढची शिनोळीची बाई पैसे देऊन, दोघी एकाच बाकावर, बोलतात पण एकच भाषा. डिसेंबर २०२२ ला आणि परत फेब्रुवारी २०२५ ला तणाव झाला तेव्हा दोन्हीकडच्या गाड्या हद्दीच्या अलीकडं पलीकडं थांबल्या. टीव्हीवर दोन राज्यांचं भांडण चाललेलं आणि ह्या ताई डबा घेऊन हद्दीपर्यंत आल्या, चालत पलीकडं झाल्या, मग कुणाच्या तरी गाडीवर बसून कामावर. खाडा झाला असता तर पगार कुठल्या राज्यानं दिला असता?

आता मोटरसायकलचं, कारण तू म्हणणार गाडी घेतो. मी पण घेतलेली. नंदगड-खानापूरकडनं उद्यमबाग म्हणजे जाऊन येऊन ७० किलोमीटरच्या आसपास, महिन्याला तीस लिटर पेट्रोल जायचं. वेळ वाचला. पण गणेबैलच्या टोलचा रस्ता आता रुंद झाला, झाडं गेली, सगळे सुसाट, आणि ऊसाचा सीझन लागला की पहाटे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागं लाल दिवा नाही, टेपवर गाणी मात्र फुल्ल. गेल्या महिन्यात आमच्या लाईनवरचा एक पोरगा देसूरच्या अलीकडं अशाच ट्रॉलीला मागनं धडकला. वाचला, पण मांडीचं हाड मोडलं. ऑफिसातला माणूस म्हणाला, गेटच्या बाहेरचं आमच्याकडं येत नाही.

इथं मी पहिल्यांदा तोंड उघडलं बघ. तू पण ध्यानात ठेव, कामाला येईल. ईएसआयच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, जुन्या कायद्यात २०१० ला ५१-ई कलम घातलेलं, घरातनं कामावर जाताना किंवा कामावरनं घरी येताना अपघात झाला तर तो कामावरचाच धरायचा, फक्त वेळ, जागा आणि कामाचा संबंध दाखवता आला पाहिजे. पगार २१ हजाराच्या आत असला तर तू ईएसआयमध्ये असतोस. आणि ज्याला ईएसआय नाही त्याचं पण आता कोर्टात उभं राहिलंय. आपल्या मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन, पहाटे तीनच्या ड्युटीला मोटरसायकलवर निघालेला, कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला, ते साल २००३. हायकोर्टात घरच्यांच्या विरोधात गेलं. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ ला सांगितलं की हा कामामुळं झालेलाच अपघात हाय, भरपाई द्या. बावीस वर्षं लागली! मी हे सगळं मोबाईलवर काढून त्या ऑफिसातल्या माणसापुढं ठेवलं. तो म्हणाला, बघू. पोराचा फॉर्म आम्ही भरून दिलाय, थम कधी लागायचा त्याचा कागद जोडलाय, अजून उत्तर नाही. सुपरवायझर तेव्हापासनं माझ्याशी जरा जपून बोलतो.

तर येऊ काय म्हणून तू विचारलास. ये. मला तू इथं पाहिजे हायेस, तुझ्या म्हाताऱ्याला त्याच्याहून जास्त. पण पाच हजार कमी म्हणून हिशोब करू नकोस, पाच हजार आणि वर नऊ शिफ्ट असा कर. ऑर्डर घ्यायच्या आधी दोन गोष्टी तोंडावर विचार, शिफ्ट कुठली आणि कंपनीची बस हाय काय. माझा मेव्हणा हत्तरगीला जातो, कंपनीची गाडी घरापासनं नेते, तो गाडीत झोपून घेतो आणि रविवारी माणसासारखा दिसतो. सेकंड शिफ्ट देत असतील तर नको म्हण, रात्री बाराला मच्छ्यातनं गावाकडं कुत्रं पण येत नाही. आणि मोटरसायकल घेणार असशील तर ऊसाच्या सीझनमध्ये पहाटेची नको, तेवढे तीन-चार महिने माझ्याबरोबर वस्तीच्या गाडीनं ये, मागच्या चाकावरची सीट धरून ठेवतो, धक्के बसतात पण खिडकी हाय.

आमच्या पोराची एक गंमत राहिलीच. शाळेत बाईंनी विचारलं बाबा काय करतात, तर हा म्हणाला, "बाबा बसला जातात." सगळी गल्ली हसली, मी पण हसलो, ही मात्र हसली नाही.

साडेनऊ वाजले, गाडी लागलीय काय बघून येतो आणि पडतो. तू येताना पुण्यातनं एक चांगला रेनकोट आण, पँटसकट, माझ्या मापाचा, तुझ्यापेक्षा एक साईज मोठा घे. आत्ता पावसाळा नाही म्हणून स्वस्तात मिळेल. पैसे इथं देतो.

तुझा,
नाग्या